गोबीची धूळ कुणी ओळखली?

१५ एप्रिल १९९८ ला मंगोलिया आणि चीनमध्ये पसरलेल्या गोबी वाळवंटात धुळीचं मोठं वादळ उठलं. चार दिवसांनी, १९ तारखेला, दुसरं उठलं. वसंत ऋतूत तिथं यात नवल काही नाही. वायव्येकडून कमी दाबाची क्षेत्रं सरकत येतात आणि त्यांच्यासोबतचे वारे कोरडी जमीन खरवडून काढतात. पहिल्या वादळाची धूळ पूर्व आशियातच घुटमळली आणि पावसानं खाली आणली. दुसऱ्या वादळातली धूळ मात्र उंच चढली, तिला पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे मिळाले आणि अख्खा पॅसिफिक महासागर तिनं पाच दिवसांत ओलांडला.

नंतर ती ब्रिटिश कोलंबियापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या डोंगररांगांलगत जमिनीकडे उतरली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं निळं आकाश पांढुरकं पडलं. सूर्याकडून थेट येणारा प्रकाश ३० ते ४० टक्क्यांनी घटला आणि आकाशभर विखुरलेला प्रकाश दुप्पट झाला. २९ एप्रिलला तिथल्या खोऱ्यांमध्ये नेहमीच्या धुळीवर घनमीटरमागे आणखी २० ते ५० मायक्रोग्रॅम धूळ भरली होती. काही ठिकाणी तर शंभराच्या वर. गोबीच्या मातीच्या रासायनिक खुणा पार मिनेसोटापर्यंत सापडल्या.

नऊ-दहा हजार किलोमीटर धूळ तरंगत जाते, यावर पटकन विश्वास बसत नाही. पण हे कण होते सरासरी दोन ते तीन मायक्रोमीटर जाडीचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटरचा असतो. अडीच मायक्रोमीटरचा मातीचा कण स्थिर हवेत सोडला, तर तो दिवसाला जेमतेम ४० मीटर खाली येतो. म्हणजे पाच किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला तीन महिन्यांहून जास्त काळ लागेल. एवढ्या वेळात वारा त्याला कुठेही नेऊ शकतो. पाऊस नाही, खाली दाबणारा वारा नाही, तर धुळीच्या लेखी महासागर ही अडचणच नाही.

मला मात्र या कहाणीत धुळीच्या प्रवासाहूनही मोठं आश्चर्य वाटतं ते तिला ओळखणाऱ्या माणसांचं.

अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या हवा-नियंत्रण अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. धूळ मोजणाऱ्या यंत्राचा आकडा चढतो आहे. जवळपास वादळ नाही, वणवा नाही, एखाद्या कारखान्यानं काही जास्तीचं सोडल्याची खबर नाही. लोक फोन करून विचारताहेत. हा अधिकारी काय सांगणार? त्याच्या हाती फक्त त्याच्या गावचा आकडा आहे, आणि एकटा आकडा कधीच सांगत नाही की ही धूळ कुठली.

त्या वसंतात सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक रुडॉल्फ हुसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. इंटरनेटवर एक सामायिक जागा उघडली आणि जगभरातल्या संशोधकांना आवाहन केलं, तुमच्याकडे जे दिसतंय ते इथं आणून ठेवा. १९९८ चा एप्रिल म्हणजे गूगल ही कंपनी स्थापन व्हायला अजून काही महिने होते. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सामान्यांना इंटरनेट देऊन तीन वर्षंही झाली नव्हती. फोनच्या तारेवरून एक चित्र उतरायला मिनिटं लागत. तरीही लोकांनी नोंदी आणल्या. पुढे २००१ मध्ये या घटनेवर जो शोधनिबंध छापून आला, त्याच्यावर जवळपास तीस जणांची नावं आहेत. अमेरिका, कॅनडा, जपान, कोरिया अशा देशांतली ही माणसं. त्यांना कुणी समिती नेमून एकत्र आणलं नव्हतं.

यातला कोण काय घेऊन आला, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

नासाच्या गोडार्ड केंद्रातली काही मंडळी सीविफ्स नावाच्या उपकरणाची चित्रं घेऊन आली. हे उपकरण १९९७ च्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेलं होतं, ते समुद्राचा रंग मोजायला. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती किती आहेत, हे रंगाच्या हिरवेपणावरून कळतं. आता गंमत अशी, की उपग्रह समुद्राकडे पाहतो तेव्हा त्याच्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के हिस्सा मधल्या हवेचा असतो, पाण्याचा नव्हे. त्यामुळे समुद्राच्या अभ्यासकांची निम्मी मेहनत ही हवेची भर वजा करण्यात जाते. आणि नेमकी तीच, त्यांना नको असलेली भर, त्या एप्रिलमध्ये पिवळ्या पट्ट्याच्या रूपात जपानवरून पॅसिफिककडे सरकताना दिसली. मातीचे कण निळा आणि त्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश जास्त शोषतात, म्हणून धुळीचा ढग वरून पिवळा दिसतो.

ओरेगॉनमधली माणसं आली ती सूर्यप्रकाशाच्या नोंदी घेऊन. सौरऊर्जेसाठी किती ऊन उपलब्ध आहे, हे मोजणारी त्यांची केंद्रं होती. थेट ऊन किती घटलं, ते यांच्यामुळे समजलं. कुणी लेझरचा झोत आकाशात सोडून परतणारा प्रकाश मोजणारे होते. धूळ किती उंचीवर आहे, हे त्यांनी सांगितलं.

आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतली, हवेच्या गाळण्या बसवलेली केंद्रं होती. ही केंद्रं उभारली गेली ती दूरचे डोंगर स्वच्छ दिसावेत म्हणून. उद्यानातल्या नजाऱ्यावर धुरकं किती चढतंय, ते मोजणं एवढंच त्यांचं काम. आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि शनिवारी, चोवीस तास हवा एका छोट्या गाळणीतून ओढली जाई आणि नंतर प्रयोगशाळेत त्या गाळणीवर सिलिकॉन किती, अॅल्युमिनियम किती, लोह किती, कॅल्शियम किती, हे तपासलं जाई. २९ एप्रिल १९९८ हा बुधवार होता. धुळीचा जोर होता आणि नेमक्या त्याच दिवशी पश्चिमेतल्या सगळ्या उद्यानांतल्या गाळण्या चालू होत्या. एकाच दिवशी, एकाच प्रकारची माती, शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गाळण्यांवर. गावातल्या रस्त्याची किंवा शेताची धूळ अशी वागत नाही. १९८८ पासूनच्या नोंदी चाळल्यावर कळलं, की त्या दहा वर्षांतल्या कुठल्याही धुळीच्या घटनेपेक्षा ही दुप्पट ते चौपट मोठी होती.

समुद्रासाठी, उन्हासाठी, डोंगरांच्या देखाव्यासाठी केलेली मोजमापं. त्यातलं एकही मुळात या प्रश्नासाठी केलेलं नव्हतं. प्रत्येकानं आपली नोंद आपल्या कपाटात ठेवली असती, तर प्रत्येकाकडे एक न सुटलेलं कोडं उरलं असतं. समोरासमोर ठेवल्यावर मात्र गोबीपासून मिनेसोटापर्यंतचा रस्ता दिसला. माझं ठाम मत आहे, की मोजमाप करणाऱ्याला आपल्या आकड्याचा सगळा उपयोग कधीच ठाऊक नसतो. तो दुसऱ्याच कुणाला तरी, दुसऱ्याच कुठल्या तरी गरजेच्या वेळी सापडतो. म्हणून आकडा उघडा ठेवायचा.

त्याच वर्षी मे महिन्यात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या वणव्यांचा धूर टेक्साससह अमेरिकेच्या मोठ्या भागावर पसरला, तेव्हा हीच पद्धत पुन्हा कामी आली. हळूहळू तिला कायद्याच्या कामकाजातही जागा मिळाली. अमेरिकेत हवेतल्या प्रदूषणाची मर्यादा ओलांडली, की राज्याला जाब द्यावा लागतो, उद्योगांवर आणि वाहनांवर बंधनं आणावी लागतात. पण धूळ गोबीची असेल, तर त्या राज्यानं काय करावं? २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००७ मध्ये त्यांच्या पर्यावरण संस्थेनं नियम केला, की अपवादात्मक घटनेचा परिणाम झालेले दिवस हिशेबातून वगळता येतील. मात्र ती घटना घडली नसती तर मर्यादा ओलांडली गेली नसती, हे राज्यानं पुराव्यानिशी दाखवलं पाहिजे, अशी अट २०१६ पर्यंत होती. पुरावा म्हणजे काय? उपग्रहाचं चित्र, वारा कुठून आला त्याचा उलट काढलेला माग, वाटेतल्या गावांचे आकडे, गाळणीवरचं रसायन. चार संस्थांकडच्या चार गोष्टी. हुसार यांच्या गटानं पुढे या सगळ्या नोंदी एका जागी जोडून पाहता येतील अशी ‘डेटाफेड’ नावाची यंत्रणा उभारली.

या सवलतीबद्दल थोडी धास्ती वाटते, ती बोलून दाखवायला हवी. फुप्फुसांना धूर कुठून आला याच्याशी काही देणंघेणं नसतं. आणि प्रत्येक वाईट दिवस ‘अपवाद’ ठरवायचा मोह कुठल्याही सरकारी कार्यालयाला होऊ शकतो. म्हणून तर हे पुरावे सगळ्यांना पाहता यायला हवेत. ज्या चित्रावरून अधिकारी म्हणतो की धूर बाहेरचा आहे, तेच चित्र मला माझ्या टेबलावर उघडता आलं, तर त्याचं म्हणणं मला तपासता येतं.

उघडं ठेवणं म्हणजे फक्त कुलूप काढणं नव्हे, हे मात्र कळायला बराच काळ गेला. एका केंद्राची वेळ स्थानिक, दुसऱ्याची ग्रीनिचची. एक जण नायट्रोजन डायऑक्साइड अब्जांश भागांत लिहितो, दुसरा घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. कुणी रेखांश शून्य ते ३६० मोजतो, कुणी पूर्व-पश्चिम असा. यंत्र बंद असलेल्या तासासमोर कुणी रकाना रिकामा सोडतो, तर कुणी उणे ९९९ लिहितो, आणि घाईत सरासरी काढणाऱ्याच्या शहराची हवा शून्याहूनही शुद्ध निघते. आकड्याबरोबर तो कुणी, कुठे, कधी, कशानं आणि कोणत्या एककात मोजला, हे लिहिलेलं असेल तरच तो परक्या माणसाच्या कामाचा. या माहितीबद्दलच्या माहितीवर कितीतरी लोकांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत. त्यांची नावं बातम्यांत येत नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

अशी नीट लिहिलेली एक ओळ जवळून पाहू. नासाची ‘फर्म्स’ ही सेवा जगभरातल्या आगींची नोंद उपग्रह वरून गेल्यानंतर साधारण तीन तासांत सगळ्यांसाठी खुली करते. समजा, एका ओळीत हे आकडे आहेत: ३०.२४, ७५.८४, ३३८.६, ०८१२, ६.४. पहिले दोन अक्षांश-रेखांश. नकाशावर पाहिलं तर पंजाबात संगरूरजवळची जागा. तिसरा आकडा केल्विनमधलं तापमान, म्हणजे ६५ अंश सेल्सिअस. ज्वाळा एवढी थंड कशी? कारण हे पावणेचारशे मीटर लांबी-रुंदीच्या अख्ख्या तुकड्याचं मिळून दिसणारं तापमान आहे. त्यातल्या एखाद्या कोपऱ्यात पेंढा धगधगतो आहे आणि त्यानं सगळ्या तुकड्याचा आकडा वर ओढला आहे. चौथा आकडा वेळ, ग्रीनिचची ८ वाजून १२ मिनिटं, म्हणजे आपली दुपारची १ वाजून ४२. शेवटचा आगीतून दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा, मेगावॉटमध्ये. आठशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून, क्षणार्धात जाता जाता, एका शेताच्या बांधावरची आग अशी टिपली जाते आणि संध्याकाळपर्यंत ती ओळ कुणालाही उतरवून घेता येते.

या ओळी महाराष्ट्रातही येतात, आणि कामाला लागतात. पुण्यात पाषाण रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी दिल्लीत ‘सफर’ ही हवेची यंत्रणा याच संस्थेनं सुरू केली आणि नंतर पुण्या-मुंबईत आणली. २०१८ पासून ही संस्था दिल्लीसाठी हवेची पूर्वसूचना देणारी प्रणाली चालवते. पेंढ्याच्या आगींच्या उपग्रहीय नोंदी, आकाशातल्या कणांची उपग्रहानं मोजलेली दाटी आणि जमिनीवरच्या केंद्रांचे आकडे, असं सगळं संगणकातल्या प्रतिमानात भरून पुढच्या तीन दिवसांच्या हवेचा अंदाज काढला जातो. आणि २०२२ पासून दिल्ली परिसरातले टप्प्याटप्प्याचे निर्बंध अशा अंदाजांवरून आगाऊ लावायची तरतूद झाली. बांधकामं थांबतात, डिझेलच्या ट्रकना वेशीवर अडवलं जातं. अमेरिकी उपग्रहानं पंजाबातली आग पाहायची, पुण्यातल्या संगणकानं तिचा धूर पुढे न्यायचा आणि दिल्लीतल्या प्रशासनानं तो पोचण्याआधी हालचाल करायची! ही साखळी जोडायला दर वेळी कुणाची परवानगी मागावी लागत नाही, याचंच मला अप्रूप आहे.

पूर्वी असं नव्हतं. पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या लँडसॅट उपग्रहांचा विक्रीव्यवहार १९८० च्या दशकात खासगी कंपनीकडे गेला होता आणि एका चित्राला चार हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. पुढे सरकारकडे कारभार परत आला तरी सहाशे डॉलर होतेच. सगळ्यात चांगल्या वर्षात पंचवीस हजारांच्या आसपास चित्रं खपत. २००८ च्या अखेरीस ती फुकट केली, आणि वर्षभरात दहा लाखांहून अधिक चित्रं लोकांनी उतरवून घेतली.

पण आगीच्या त्या ओळीतली दुपारची वेळ पुन्हा पाहा. आगी टिपणारे हे मुख्य उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आसपास जातात. गेल्या काही वर्षांत पंजाब-हरियाणातल्या आगींचा आकडा झपाट्यानं उतरला, सरकारी पातळीवर समाधान व्यक्त झालं, तरी धूर मात्र त्या मानानं कमी होईना. गोडार्ड केंद्रात काम करणारे हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका भूस्थिर उपग्रहाची चित्रं पाहिली. हा उपग्रह एकाच जागी राहून दर काही मिनिटांनी टिपण करतो. त्यात दिसलं, की धुराचे लोट दुपारनंतर, दीडचे उपग्रह निघून गेल्यावर, उठताहेत. सगळी घट खोटी, असा याचा अर्थ नाही. पण नुसत्या आगी मोजून धोरण ठरवता येणार नाही, हे त्यातून कळलं. कोरियानं आपल्या हवामानासाठी पाठवलेला उपग्रह, पाहणारा अमेरिकेत, आणि प्रश्न संगरूरच्या शेतातला.

उपग्रहाला अवाजवी श्रेयही देऊ नये. तो वरून खालपर्यंतच्या हवेच्या सगळ्या स्तंभात किती कण आहेत, ते पाहतो. तुमच्या नाकाशी किती आहेत, ते नाही. तीच दाटी उन्हाळ्यात दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेली असते आणि हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत दाबली जाते. ढग असले तर त्याला खालचं काही दिसत नाही. म्हणून चौकातल्या खांबावरचं मोजणीचं यंत्र लागतंच, आणि त्याचे आकडेही उघडे लागतात. ‘ओपनएक्यू’ ही संस्था २०१५ मध्ये क्रिस्टा हॅसेनकॉफ आणि जो फ्लॅशर यांनी सुरू केली ती यासाठीच: देशोदेशीचे असे आकडे एका साच्यात आणून सगळ्यांसमोर ठेवायचे.

हे दार कायम उघडं राहील, असंही धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या जगभरातल्या दूतावासांवरची हवेची यंत्रं वर्षानुवर्षं तासातासाचे आकडे जाहीर करत होती. त्यात मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचं यंत्रही होतं. २०२५ च्या मार्चमध्ये ते प्रसारण बंद करण्यात आलं. यंत्रणा चालवायला पैसा लागतो, आणि पैसा थांबवायला एक सही पुरते. आपल्या शहराचे आकडे आपणच मोजून आपणच जपायला हवेत, हे मला त्या दिवसापासून जास्त तीव्रतेनं वाटतं.

तेव्हा एक विनंती. संगणकावर नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’ उघडा. त्याला पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही. तारीख टाका २२ जानेवारी २०२२ आणि कराचीच्या दक्षिणेला अरबी समुद्रावर पाहा. पाकिस्तानकडून समुद्रावर पसरलेली धूळ दिसेल. तीच दुसऱ्या दिवशी मुंबईवर आली होती आणि गाड्यांच्या काचांवर पांढुरकी भुकटी बसली होती. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून आपल्या शहरातल्या केंद्राचे त्याच दोन-तीन दिवसांचे आकडे उतरवून घ्या आणि चित्राशेजारी ठेवा. तुमच्या गावात केंद्रच नसेल, किंवा असून त्याचे रकाने रिकामे असतील, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि तुमच्या नगरपालिकेला पत्र लिहा. केंद्र मागा, आणि त्याचे जुने आकडेही सर्वांना उतरवून घेता येतील असे ठेवा, ही मागणी त्याच पत्रात करा.